राज्य कुणावर?
(इंग्रजी सर्वनामे आणि वर्गातले खेळ)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेजात पहिल्या वर्षाच्या वर्गावर मी मुलांना एकेक करून उभे करीत होतो आणि घरच्या माणसांविषयी इंग्रजीत चार वाक्ये बोलायला सांगत होतो. एक मुलगा उठला. कोरडवाहू गावातला, अंगाने किरकोळ, मान खाली. तो म्हणाला, ‘‘माय मदर इज अ फार्मर. ही वर्क्स इन द फील्ड.’’ वर्ग हसला. खरे सांगायचे तर मीही हसलो. ‘‘ही नव्हे रे, शी,’’ एवढे सांगून मी पुढच्या मुलाकडे वळलो. त्यानंतरच्या तीन वर्षांत त्या मुलाने माझ्या तासाला इंग्रजीत एक वाक्यही उच्चारले नाही.

त्याची चूक कशी झाली, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. ‘ही’ हा शब्द त्याला नवा नव्हताच. जन्मल्यापासून तो ऐकत होता, आणि बाईमाणसासाठीच ऐकत होता. ही माझी आई, ही माझी बहीण, ही शेतात राबते. इंग्रजीतला पुरुषवाचक शब्द नेमका त्याच आवाजाचा निघाला, यात त्या पोराचा काय दोष?

वाचकहो, जरा कान देऊन पाहा. इंग्रजीतले बहुतेक प्रत्येक सर्वनाम आपल्या मुलाच्या कानात आधीच जागा अडवून बसलेले असते. ‘आय’ म्हणजे कितीतरी घरांत आई. ‘यू’ करून आपण कुत्र्याला बोलावतो. ‘शी’ म्हणजे किळस. ‘दे’ म्हणजे काहीतरी मागणे. आणि ‘मी’? तो तर आपलाच ‘मी’. पण इंग्रजीत त्याचा अर्थ ‘मला’. पहिलीतल्या सहा वर्षांच्या पोरापुढे आपण हे शब्द फळ्यावर एकाखाली एक मांडतो आणि म्हणतो, कर पाठ! महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. तेव्हापासून हा प्रश्न लहानात लहान वाडीवरच्या शाळेतल्या गुरुजींचा आणि बाईंचा झाला आहे. म्हणून आज त्याचा थोडा इतिहास सांगावा म्हणतो. आपल्या आधी पुष्कळ मोठी माणसे या प्रश्नाशी झटली आहेत, आणि त्यांपैकी बऱ्याच जणांची पावले शेवटी एकाच ठिकाणी वळली : मुलांच्या खेळाकडे.

आधी सर्वनाम म्हणजे काय ते पाहू. शाळेत आपण शिकलो, की नामाऐवजी येणारा शब्द तो सर्वनाम. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले. तेव्हापासून आपल्याकडे व्याकरणाच्या कितीतरी पिढ्या झाल्या आणि ही व्याख्या प्रत्येक मुलाच्या तोंडी बसली. ती खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे. ‘तो’ आणि ‘ती’ यांना ती लागू पडते. ‘मी’ला मात्र पडत नाही. मी ‘मी’ म्हणतो तेव्हा माझे नाव टाळण्यासाठी म्हणत नाही. या घटकेला बोलणारा जो कोणी आहे, तो ‘मी’. मी बोलायचा थांबलो आणि तुम्ही बोलू लागलात, की तोच शब्द तुमचा झाला. ‘झाड’ म्हटले की झाड जागचे हलत नाही. ‘मी’ आणि ‘तू’ मात्र क्षणाक्षणाला हातबदल करतात.

ऑटो येस्पर्सन नावाचे एक मोठे डॅनिश भाषापंडित होऊन गेले. भाषेचे स्वरूप आणि विकास यांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२२ साली निघाला. लहान मूल स्वतःची मातृभाषा कशी शिकते याचा विचार करताना त्यांनी अशा शब्दांना ‘शिफ्टर’ असे नाव दिले. आपण त्यांना ‘फिरते शब्द’ म्हणू. त्यांचे म्हणणे असे, की हे शब्द प्रत्यक्ष आईच्या मांडीवरही मुलाला अवघड जातात. तुमच्या घरातही हे घडले असेल. आई बाळाला विचारते, ‘तुला भूक लागली?’ आणि बाळ म्हणते, ‘तुला भूक लागली.’ पुष्कळ मुले तर काही दिवस ‘मी’ म्हणतच नाहीत. ‘बाळाला दूध पाहिजे’ असे स्वतःचेच नाव घेऊन सांगतात. मग केव्हातरी, बोलता बोलता, त्यांना गुपित कळते.

ते गुपित सांगायला मराठीत एक सुंदर शब्द आहे. तो व्याकरणाच्या पुस्तकात नाही, अंगणात आहे. शिवाशिवी खेळताना मुले विचारतात, ‘राज्य कुणावर?’ राज्य हे कुणा एका मुलाचे नाव नव्हे. ज्याला शिवले त्याच्यावर ते येते, त्याने दुसऱ्याला शिवले की तिकडे जाते. पाच वर्षांच्या मुलाचाही यात कधी गोंधळ होत नाही. ‘मी’ हे बोलण्यातले राज्यच आहे. गंमत अशी, की इंग्रज मुलांच्या शिवाशिवीत ज्याच्यावर राज्य असते त्याला चक्क ‘इट’ म्हणतात. म्हणजे तिथल्या मुलांनी राज्याला नाव दिले तेही सर्वनामाचेच!

आता आपल्या मुलाच्या खास अडचणी पाहू. नुसते आवाज सारखे आहेत एवढ्यावर त्या भागत नाहीत.

पहिली अडचण अशी, की मराठीत सर्वनामावाचून पुष्कळ वेळा चालते. ‘काय करतोस?’ ‘जेवतोय.’ यात ‘तू’ही नाही आणि ‘मी’ही नाही. कोण, एक की अनेक, पुरुष की स्त्री, हे सगळे क्रियापदाच्या शेपटीतच कळते. इंग्रजीत क्रियापद बहुतेक बोडकेच असते, म्हणून तिथे सर्वनाम हवेच हवे.

दुसरी अडचण आदराची. आपल्याकडे ‘तू’ वेगळा, ‘तुम्ही’ वेगळे, ‘आपण’ त्याहून वेगळे. इंग्रजीतही एके काळी एकवचनी ‘दाऊ’ आणि अनेकवचनी ‘यू’ असे दोन शब्द होते. तेराव्या शतकापासून मोठ्या माणसाला एकटा असला तरी ‘यू’ म्हणण्याची रीत पडली. सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी ठरवले, की देवापुढे सगळे सारखे, तेव्हा लहानथोर सर्वांना ‘दाऊ’च म्हणायचे. त्यापायी त्यांना लोकांचा राग आणि प्रसंगी मारहाणही सोसावी लागली. सर्वनाम ही किती नाजूक वस्तू आहे पाहा! पुढे ‘दाऊ’ रोजच्या शिष्ट बोलण्यातून गेला आणि राजा, रंक, बाप, लेक सगळ्यांना एकच ‘यू’ उरला. आपले लेकरू मात्र गुरुजींकडे पाहून ‘यू’ म्हणायला बिचकते. त्याला वाटते, आपण गुरुजींना अरेतुरे तर करीत नाही ना? म्हणून ते ‘सर’, ‘सर’ करते आणि सर्वनाम गिळते. आपण समजतो, त्याला येत नाही.

तिसरी अडचण सर्वांत कपटी. ‘रमेश आणि त्याची बहीण’ हे मुलगा इंग्रजीत लिहितो ‘रमेश अँड हर सिस्टर’. असे शेकडो कागद मी तांबड्या शाईने रंगवले आहेत. पण विचार करा. मराठीत ‘त्याची’ या शब्दाचे शेपूट बहिणीकडे पाहून स्त्रीलिंगी झालेले असते. मुलगा ते शेपूट इमानाने इंग्रजीत नेतो. इंग्रजीला मात्र वस्तू कोणती याच्याशी कर्तव्य नाही. मालक कोण एवढेच ती पाहते. म्हणजे चूक आळसाची नव्हे, मराठीच्या नियमाची आहे. तशीच ‘खुर्ची’ला ‘शी’ म्हणण्याची. आणि चौथी अडचण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची. ‘आम्ही जातो’ म्हटले की ऐकणारा मागे राहतो, ‘आपण जाऊ’ म्हटले की तोही बरोबर येतो. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘वी’.

या सर्व गोष्टी तक्ता पाठ करून सुटत नाहीत. याची पहिली जाणीव युरोपात ज्यांना झाली, त्यांत जॉन आमोस कोमेनियसचे नाव घ्यावे लागते. मोराव्हियात १५९२ साली जन्मलेला हा शिक्षक धर्मयुद्धामुळे देशोधडीला लागला आणि उभा जन्म परमुलुखात हिंडला. त्याने १६५८ साली न्युरेंबर्ग येथे चित्रांचे एक पाठ्यपुस्तक छापविले. वस्तूचे चित्र, शेजारी तिचे लॅटिन आणि जर्मन नाव अशी त्याची रचना होती. मुलांच्या सचित्र पुस्तकांचे ते मूळ मानले जाते. त्यात झाडे, पशू, सुतार, लोहार सगळे आहेत. पण ‘मी’चे चित्र कसे काढणार? पुस्तकाच्या आरंभीच्या चित्रात गुरू आणि शिष्य समोरासमोर आहेत आणि दोघांचा संवाद चालला आहे. मला वाटते, उत्तर तिथेच आहे. नाम चित्रात दाखवता येते; सर्वनामाला दोन माणसे समोरासमोर लागतात. कोमेनियसलाही ते ठाऊक असावे, कारण पुस्तकी धडेच नाटकाच्या रूपात बसवून त्याने ते मुलांकडून करविले, आणि त्या नाटकांना नाव दिले ‘शाळा म्हणजे खेळ’.

दोनशे वर्षांनी फ्रान्सुआ गुवँ नावाच्या फ्रेंच शिक्षकाची गोष्ट घडली. ती ऐकण्यासारखी आहे. हा लॅटिनचा शिक्षक जर्मन शिकायला हॅम्बुर्गला गेला. त्याने व्याकरण पाठ केले, २४८ अनियमित क्रियापदे पाठ केली आणि मोठ्या आशेने व्याख्यान ऐकायला गेला. एक शब्द कळला नाही. मग धातू पाठ केले, शेवटी तीस हजार शब्दांचा कोश महिन्याभरात पाठ केला. डोळे जायची वेळ आली, पण बोलणे काही कळेना. हात हलवीत तो घरी परतला, तो त्याचा तीन वर्षांचा भाचा भडाभडा बोलत होता! त्या पोराने नुकतीच पाणचक्की पाहिली होती. घरी येऊन तो खेळण्यातली गिरणी मांडून खेळत बसला आणि प्रत्येक कृती करताना तोंडाने सांगत होता. गुवँ पाहतच राहिला. आपण पाठ केले, पोराने केले आणि सांगितले. फरक एवढाच होता.

त्यावरून त्याने आपली पद्धत काढली. तिचे पुस्तक १८८० साली निघाले. दार उघडणे ही साधी कृती. तिचे बारीक बारीक टप्पे करायचे. मी दाराकडे जातो, मी दाराजवळ पोचतो, मी कडी धरतो, मी दार ओढतो. करायचे आणि बोलायचे. पाहा, इथे ‘मी’ पुस्तकात नाही, दाराशी उभा आहे. दुसरा मुलगा उठला की ‘मी’ त्याचा, आणि पहिला आता ‘तो’. गुवँची पद्धत पुढे फार पसरट झाली हे खरे, तिच्या टप्प्यांच्या याद्या कंटाळवाण्या झाल्या. पण बीज चांगले होते.

ते बीज हॅरल्ड पामर या इंग्रज गृहस्थाने पूर्वेकडे नेले. जपान सरकारच्या शिक्षण खात्याने १९२२ साली त्यांना सल्लागार म्हणून बोलावले आणि ते १९३६ पर्यंत तिथे राहिले. जपानी भाषाही आपल्यासारखीच सर्वनामे वगळून बोलणारी. तिथल्या मुलांना इंग्रजी वाचता येई, तोंड उघडवत नसे. पामरनी आपली मुलगी डोरोथी हिच्याबरोबर १९२५ साली एक पुस्तक केले. कृतीतून इंग्रजी असा त्याचा विषय. शिक्षकाने आज्ञा करायची, ‘स्टँड अप.’ मुलगा उठतो. शिक्षक विचारतो, ‘व्हॉट आर यू डुइंग?’ मुलगा म्हणतो, ‘आय अ‍ॅम स्टँडिंग अप.’ शिक्षक वर्गाकडे वळतो, ‘व्हॉट इज ही डुइंग?’ एकच मुलगा, एकच कृती; पण तीन तोंडांतून तो ‘यू’ झाला, ‘आय’ झाला, ‘ही’ झाला. तक्ता जे वर्षभरात सांगत नाही, ते इथे अर्ध्या मिनिटात डोळ्यांना दिसते.

आता आपल्या इलाख्याकडे येऊ. आपल्या पिढ्यानपिढ्यांच्या घरी जे रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड इंग्रजी व्याकरण होते, त्यातले रेनसाहेब विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते. हिंदी शाळांत इंग्रजी प्रत्यक्ष पद्धतीने, म्हणजे वस्तू दाखवून आणि बोलते करून कसे शिकवावे, यावर याच रेननी पुस्तक लिहिले होते. ते पुस्तक आज कुणाला ठाऊक नाही. व्याकरण मात्र घराघरांत राहिले!

स्वातंत्र्यानंतर १९५८ साली हैदराबादेत सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश सुरू झाली. ठराविक वाक्यरचना क्रमाने आणि प्रसंगातून शिकवण्याची पद्धत त्या काळात देशभर पसरली. ‘धिस इज माय बुक, दॅट इज युवर बुक’ ही त्यातलीच वाक्ये. मूळ कल्पना चांगली होती. शिक्षकाने स्वतःचे पुस्तक हातात धरावे, मुलाच्या पुस्तकाकडे बोट करावे आणि मग बोलावे. पण मी १९९० च्या सुमारास सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी पाचवीत इंग्रजी शिकू लागलो, तोवर काय उरले होते? गुरुजी खुर्चीवर बसून म्हणत, ‘धिस इज माय बुक,’ आणि पन्नास मुले हात बांधून ओरडत, ‘धिस इज माय बुक.’ पुस्तक कुणाच्याच हातात नसे. गुरुजी म्हणत, ‘यू आर अ बॉय,’ आम्हीही गुरुजींकडे पाहून तेच म्हणत असू! कुणाला हसू येत नसे, कारण कुणाला अर्थच नव्हता. गुरुजी मायेचे होते, मेहनती होते. त्यांना तसेच शिकवलेले होते.

वाचकहो, या सगळ्या इतिहासातून मला जे दिसते ते असे. चांगली पद्धत दर पिढीला कुणीतरी नव्याने शोधतो. ती एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, एका देशातून दुसऱ्या देशात जाते, आणि वाटेत एक चमत्कार होतो : खेळ गळून पडतो आणि वाक्य उरते. कारण वाक्य छापता येते, तपासता येते, परीक्षेला घालता येते. खेळ छापता येत नाही. तो प्रत्येक वर्गात नव्याने मांडावा लागतो. बहुतेक नामे खेळावाचून कशीबशी जगतात. सर्वनामे मात्र मरतात, कारण फिरणे हाच त्यांचा प्राण आहे.

अलीकडच्या दोन प्रयत्नांचा उल्लेख करून मग आपल्या शाळेत येतो. कॅलेब गातेन्यो या शिक्षणतज्ज्ञाने १९६३ साली ‘मौन पद्धती’चे पुस्तक लिहिले. बेल्जियममधील शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी गणितासाठी लाकडाच्या रंगीत कांड्या केल्या होत्या, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतच्या. गातेन्योने त्याच भाषेसाठी घेतल्या. शिक्षक शक्य तितका गप्प. मुले एकमेकांना सांगतात, लाल कांडी घे, ती त्याला दे, ती तिला दे, ती मला दे. सारा धडा ‘इट’, ‘हिम’, ‘हर’, ‘मी’ यांवर फिरतो. शब्द चुकला की कांडी भलत्याकडे जाते. म्हणजे चूक कळायला गुरुजींची छडी लागत नाही, कांडीच सांगते. पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षकाने गप्प बसणे आपल्याला जमणार नाही, हे मान्य. पण कांड्यांऐवजी चिंचोके, गजगे, खडू काहीही चालेल.

दुसरा प्रयत्न रेडिओचा, म्हणून इथे मुद्दाम सांगतो. केनियात १९८० ते १९८५ या काळात पहिली ते तिसरीच्या मुलांना रेडिओवरून रोज अर्धा तास इंग्रजी शिकवले गेले. त्यातली खुबी रेडिओच्या बोलण्यात नव्हती, त्याच्या थांबण्यात होती. आवाज विचारी आणि काही क्षण गप्प राही. त्या रिकाम्या जागेत वर्गातली मुले उत्तर देत, उठत, बसत, बोट करीत. चाचण्या घेतल्या तेव्हा इंग्रजी ऐकून समजण्यात ती मुले इतरांच्या पुढे असल्याचे दिसले. यातला धडा उघड आहे. रेडिओला हात नाहीत, बोट नाही. त्याचा ‘यू’ कोण हे वर्गातच ठरावे लागते. तेव्हा रेडिओ असो की आजचा मोबाईल असो, खेळ मांडणारे गुरुजी आणि बाई लागतातच.

आता मी माझ्या ओळखीच्या शिक्षकांबरोबर करून पाहिलेले तीन खेळ सांगतो. त्यांना पैसा लागत नाही.

पहिला रुमालाचा. ‘मामाचे पत्र’ मुलांना ठाऊक असतेच. त्याचाच हा भाऊ. मुले गोल बसतात. राज्य असलेला मुलगा मध्ये डोळे मिटून उभा राहतो, रुमाल कुणाच्या तरी पाठीमागे लपवतात. तो डोळे उघडून एकाला विचारतो, ‘डू यू हॅव इट?’ तो सांगतो, ‘नो, आय डोन्ट. शी हॅज इट.’ आणि एका मुलीकडे हात करतो; खरे सांगेल किंवा फसवील! तिला विचारले की ती म्हणते, ‘नो, ही हॅज इट.’ इथे ‘यू’ म्हणायचे ते बरोबरीच्या पोराला, म्हणून भीड नाही. आणि मघाची ‘ही’ची फसगत? मुलीकडे हात करून कुणी ‘ही’ म्हटले, की राज्यवाला मुलगा भलत्याकडेच शोधायला जातो आणि सगळे ओरडतात, ‘शी, शी!’ हसू येते, पण ते खेळाचे हसू असते. त्याने कुणी गप्प होत नाही. पुढच्या फेरीत तोच मुलगा बरोबर बोलतो.

दुसरा खेळ ‘हिज’ आणि ‘हर’चा. यात वस्तू निवडताना थोडी हुशारी करा. मुलाची वही घ्या आणि मुलीचा डबा घ्या. वही मराठीत स्त्रीलिंगी, म्हणून मुले चटकन ‘हर’ म्हणतील. डबा पुल्लिंगी, म्हणून ‘हिज’ म्हणतील. अशा दहाबारा उलट्या जोड्या मध्ये ढीग करून ठेवा. एकाने वस्तू उचलायची, म्हणायचे, ‘इट इज हिज नोटबुक,’ आणि मालकाला नेऊन द्यायची. चुकले तर वही मुलीच्या हातात पडते आणि मालक आरडाओरडा करतो. दोन दिवसांत मुलांना कळते, की इंग्रजीत वस्तूकडे नव्हे, मालकाकडे बघायचे. हे नियम म्हणून सांगण्याआधी हाताला कळू द्या.

तिसरा मैदानातला. चुन्याने तीन चौकोन आखा, तीन गट करा. एक गट उड्या मारतो, एक बसतो, एक टाळ्या वाजवतो. उड्या मारणारे टाळ्यावाल्यांना ओरडून सांगतात, ‘वी आर जंपिंग, यू आर क्लॅपिंग, दे आर सिटिंग.’ शिट्टी वाजली की चौकोन बदलायचे आणि सर्वनामेही बदलायची. ज्या गटाकडे तोंड करून बोलायचे तो ‘यू’, ज्याच्याकडे पाठ तो ‘दे’. शेवटच्या शिट्टीला सगळे एका चौकोनात येतात आणि तुम्हीही त्यात जाऊन उभे राहा. मग सगळे मिळून म्हणू द्या, ‘वी.’ आपला ‘आपण’ तो हाच.

कुणी म्हणेल, तास खेळात गेला तर धडे केव्हा संपणार? पालक म्हणतील, पोरांना शाळेत काय गोंधळ घालायला पाठवतो? ही शंका खरी आहे. नुसता खेळही कामाचा नाही. खेळ झाल्यावर पाच ओळी वहीत उतरवून घ्या, तक्ताही जरूर दाखवा. फक्त क्रम उलटा करा. आधी खेळ, मग तक्ता. जे हाताने, पायाने, तोंडाने झाले आहे, त्याचा हिशेब म्हणून तक्ता उत्तम असतो. पण न केलेल्या व्यवहाराचा हिशेब कुणी पाठ करतो का?

त्या मुलाची आठवण मला अजून येते. त्याने ‘ही’ म्हटले तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे त्याची आई होती, हातात खुरपे असलेली. तो तिच्याविषयी बोलत होता आणि आम्ही सर्वनामाला हसत होतो. पाचवीत कुणी त्याच्या हाती रुमाल दिला असता, तर ती चूक तिथेच, दंग्यात, खेळता खेळता गळून पडली असती, आणि कॉलेजात त्याने आपल्या आईविषयी आणखी तीन वाक्ये सांगितली असती. ती तीन वाक्ये ऐकायची माझी राहून गेली.

उद्या वर्गावर जाल तेव्हा एक रुमाल खिशात असू द्या. गुरुजी, बाई, मला जे सांगायचे होते ते सांगून झाले. आता राज्य तुमच्यावर.